राजवाडा ते जिजाऊ सृष्टी : एका शोभायात्रेची नोंद

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे दरवर्षी १२ जानेवारीला राजमाता जिजाऊंच्या जन्मोत्सवानिमित्त निघणारी शोभायात्रा लोककला आणि सामाजिक चळवळ यांच्या अभ्यासकाला फार मोलाची सामग्री पुरवते. तरीही तिची नोंद बहुधा व्यासपीठावरचे पाहुणे, भाषणे आणि पुरस्कार यांच्यापुरती राहते आणि रस्त्याने चालणारी माणसे त्या नोंदीतून निसटतात.

वडील लखुजीराव जाधव यांच्या या गावी १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला. उत्सवाच्या दिवशी पहाटे राजवाड्यातील जन्मस्थळी पूजन होते, त्यात जाधव घराण्याचे वंशज सहभागी होतात, आणि पुढे शोभायात्रा जिजाऊ सृष्टीकडे, म्हणजे मराठा सेवा संघाने उभारलेल्या स्मारक-परिसराकडे, जाते. पुरुषोत्तम खेडेकर यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने गावच्या जयंतीला राज्यव्यापी मेळाव्याचे रूप दिले. २००५ साली याच दिवशी येथे शिवधर्माची, म्हणजे पुरोहिताच्या मध्यस्थीविना संस्कार करू पाहणाऱ्या आचारपद्धतीची, घोषणा झाली.

कलेच्या द्वारे मत मांडण्याची ही रीत महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा, म्हणजे वीरांचे कर्तृत्व वर्णन करणारे गेय काव्य, रचून इतिहासाची वेगळी मांडणी केली. १९२० च्या दशकात पुण्यातील ब्राह्मणेतर चळवळीने छत्रपती मेळा काढला, आणि मेळा म्हणजे उत्सवात ठिकठिकाणी पदे गात फिरणारे पथक असल्यामुळे, सभेला न येणाऱ्यांच्या कानांवरही ते विचार पडले. सिंदखेड राजाची शोभायात्रा याच परंपरेत बसते.

मात्र तिचे खरे वेगळेपण स्त्रियांच्या सहभागात आहे. मराठा सेवा संघाची महिला शाखा असलेली जिजाऊ ब्रिगेड ३ जानेवारीच्या सावित्रीबाई फुले जयंतीपासून १२ जानेवारीपर्यंत दशरात्रोत्सव साजरा करते, त्यामुळे सतराव्या शतकातील राजमाता आणि एकोणिसाव्या शतकातील शिक्षिका एका सूत्रात येतात. स्त्रियांनी डोक्यावर फेटा बांधून भररस्त्यातून चालणे हे, जिथे तो मान रूढीने पुरुषाचा समजला गेला तिथे, घोषणेइतकेच बोलके विधान ठरते. जिजाऊंची वेशभूषा करणाऱ्या मुलीच्या हाती तलवार दिली जाते, की शेजारी बालशिवाजी उभा केला जातो, हेही टिपण्याजोगे आहे. कारण १६६६ मध्ये शिवराय आग्र्यास असताना स्वराज्याच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या प्रशासक जिजाऊ अशा वेशभूषेत सहसा उतरत नाहीत, आणि ही उणीव मोठी आहे.

शोभायात्रा जिथे पोहोचते तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात. कोणती पुस्तके विकत घेतली जातात, ती घरोघरी कोण वाचते, पथकांची गाणी कोण रचते आणि फलक कोण रंगवते, याची वर्षवार नोंद परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांना सहज करता येईल. राजवाडा संरक्षित स्मारक म्हणून जपला जातो. गाण्यांच्या वह्या, निमंत्रणपत्रिका आणि जुनी छायाचित्रे मात्र कार्यकर्त्यांच्या घरांतच असतात, आणि पहिल्या पिढीतील स्त्रिया हयात आहेत तोवर त्यांच्याकडून या वाटचालीची हकिगत ध्वनिमुद्रित करून घेणे सर्वांत निकडीचे आहे.