पावलांजवळची हवा

कापूस वेचून घरी आलेल्या बाईच्या टाचा ज्यानं जवळून पाहिल्या आहेत, त्याला यवतमाळ जिल्ह्यात पेडिक्युअर का चालतं हे वेगळं सांगावं लागत नाही. काळ्या रानात पाय माखतात, वाळतात, पुन्हा माखतात आणि थंडी पडली की टाचा उकलतात. भेगेत एकदा माती बसली की ती नुसत्या पाण्यानं निघत नाही. आमच्या न्हाणीत त्यासाठी वज्री असायची. रात्री मेण घातलेलं खोबरेल कोमट करून भेगांत भरायचं. आता लग्नसराईत नवरीबरोबर तिची आई नि मावशीही पार्लरात जाऊन पाय करून घेतात. चांगलंच आहे. त्या पायांनी ते कमावलंय.

अशाच एका पार्लरात मी मे महिन्यातली एक दुपार काढली. दहा बाय बाराची खोली, एक उंच गुबगुबीत खुर्ची, तिच्या पायथ्याशी बुडबुड्यांचा टब, खिडकीत कूलर, दारावर पडदा. आत पाऊल टाकताच नेलपॉलिश रिमूव्हर नाकात गेला. मग कूलरच्या ओल्या गवताचा वास, त्याखाली मोरीचा आणि सगळ्यात शेवटी पायांचा. वर रूम फ्रेशनरचा मोगरा. हे चारही वास वेगळ्या कारणांनी येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. फवारा मात्र एकाचाही इलाज नाही. खोलीत आधीच असलेल्या रसायनांत तो आणखी एकाची भर घालतो.

पायांपासून सुरुवात करू. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. तळव्यावरचे जिवाणू घामातले नि मेलेल्या कातडीतले घटक फोडतात, तेव्हा आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी आंबूस द्रव्यं तयार होतात. त्यातल्या ब्रेव्हिबॅक्टेरियम कुळातले जिवाणू काही चीज मुरवायलाही वापरतात, म्हणून दोन्ही वासांत साम्य. साबणाच्या कोमट पाण्यात पाय नीट धुतले की हा वास बराचसा जातो. म्हणजे ज्याची लोकांना सर्वांत लाज वाटते, तोच सर्वांत सोपा.

टबाचं तसं नाही. बुडबुड्यांच्या टबात एका जाळीतून पाणी आत ओढलं जातं आणि पंप ते जोरानं परत फेकतो. जाळीमागे केस, कातडीचा कीस नि साबणाचा गाळ अडकतो. त्या पार्लरच्या ताईंनी माझ्यासमोर चार स्क्रू काढून ती जाळी उघडली. वरून टब आरशासारखा लखलखत होता. मागे बोटाला लागेल असा करडा बुळबुळीत थर. 2000 साली कॅलिफोर्नियात वॉट्सनव्हिल इथल्या एका नेल सलूनमध्ये शंभराहून अधिक ग्राहकांच्या पोटऱ्यांवर महिनोन्‌महिने न भरणारी गळवं उठली होती. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जिवाणू अशाच जाळ्यांमागच्या घाणीत सापडला. पेडिक्युअरच्या आधी पायांवर रेझर फिरवलेल्या बायकांना धोका जास्त होता, हेही त्या तपासात कळलं. पुढे बिनपाइपाचे टब निघाले. त्यांत पाणी घुसळणारा पंखा चुंबकाच्या जोरावर फिरतो, काढून धुता येतो आणि मागे नळ्यांचं जाळंच नसतं.

माझं मत विचाराल तर यवतमाळसारख्या ठिकाणी साधा, सुटा टबच बरा. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी पुरवणारी धरणं तळाला गेली होती, ते दिवस इथं कुणी विसरलेलं नाही. पाणी मोजून वापरावं लागतं तिथं मोठा टब दर गिऱ्हाइकाला रिकामा करून धुणं जिवावर येतं. छोटा टब बादलीभर पाण्यात धुऊन, पुसून, उन्हात ठेवता येतो.

पाण्याचाच दुसरा प्रश्न मोरीत आहे. फरशीतल्या जाळीखाली वाकडा भाग असतो, त्यात कायम पाणी साचून राहतं आणि तेच गटाराचा वायू अडवतं. देशभरचे प्लंबर त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणीच ती. हे साचलेलं पाणी किमान 50 मिलिमीटर खोल हवं. विदर्भातल्या मे महिन्यात बरेच दिवस दुकान बंद राहिलं की ते आटतं आणि शटर उघडताच सडक्या अंड्यासारखा वास येतो. तांब्याभर पाणी ओतलं की काम झालं. त्यासाठी फिनाइलची बाटली रिकामी करायची गरज नसते.

आता रिमूव्हर. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यातल्या अॅसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड, काही पॉलिशांतल्या टोल्युइनची तिपटीहून जड. गिऱ्हाईक उंच खुर्चीत बसतं. काम करणारी मुलगी फूटभर उंचीच्या स्टुलावर, नाक थेट त्या पावलांवर. छताजवळचा एक्झॉस्ट फॅन चालू केला की वाफ वर जाताना तिच्याच तोंडावरून जाते. गिऱ्हाइकाचा हा वास तासाभराचा, तिचा दिवसभराचा. डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं याला ती उन्हाचा त्रास समजते.

तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत इथं वीसहून अधिक माणसं गेली. पार्लरातली वाफ तितकी जहाल नाही, पण कापड धूळ अडवतं, वाफ नाही, ही गोष्ट दोन्हीकडे तीच. वाफ धरायला सक्रिय कोळसा लागतो आणि तोही भरला की बदलावा लागतो.

म्हणून वाफ निघते तिथंच ती ओढून घ्यावी. अमेरिकेतल्या एका आदर्श नियमावलीत दर टेबलामागे सेकंदाला सुमारे 25 लिटर हवा खेचणारी आणि कामापासून 12 इंचांच्या आत तोंड असलेली नळी सांगितली आहे. आपल्याकडे सहा इंची पंखा नि पीव्हीसी पाइप घेऊन कोणताही इलेक्ट्रिशियन असा जोड बसवून देईल. फक्त पाइपाचं दुसरं टोक खोलीबाहेर निघालं पाहिजे.

बाकीचं काम आपला कूलर करतो. घरगुती एसी बहुधा खोलीतलीच हवा फिरवत राहतो. खिडकीतला कूलर सतत बाहेरची ताजी हवा आत लोटतो. पण आत आलेल्या हवेला जायला वाट हवी. गारवा जाईल म्हणून समोरची खिडकी लावली की खोली गदमदते आणि वास तिथंच घुटमळतो. त्या दुपारी ताईंनी मागची झडप उघडली, टाकीतलं शिळं पाणी काढलं, नवं भरलं. दहा मिनिटांत मोगऱ्याखालचे वास हलले. गारवाही वाढला.

पार्लर चालवणाऱ्यांनी एवढं करावं: स्टुलावर स्वतः बसून पाहावं. तिथं डोळे चुरचुरले तर पंख्याची जागा बदलावी. आणि गिऱ्हाइकांनी पाय बुडवण्याआधी टबाची जाळी उघडून दाखवायला सांगावं. त्यात कुणाचा अपमान नाही.