रात्रीत बॅटरी उतरते कशी?

थंडीच्या दिवसांत नगर जिल्ह्यात पारा अनेकदा एक आकडी होतो. अशा सकाळी चावी फिरवावी, तर सेल्फ नुसता टकटक करतो, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि गाडी काही सुरू होत नाही. धक्का मारायला चार माणसं जमतात आणि निदानही तिथल्या तिथे होऊन जातं : बॅटरी गेली, नवी टाका! काही हजार रुपयांचा हा निर्णय एकही मोजमाप न करता घेतला जातो. मग महिन्याभरात नवी बॅटरीही उतरते, कारण खोट बॅटरीत नव्हतीच.

नगरच्या एमआयडीसीत एक्साइडचा बॅटरी कारखाना आहे. संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्थाही इथलीच. तरीही या परिसरातल्या गाडीमालकाला आपल्या बॉनेटखाली काय चालतं, हे क्वचितच कोणी समजावून सांगतं.

गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसं आणि आम्ल यांची बॅटरी तयार केली. आजच्या बहुतेक गाड्यांतली बॅटरी त्याच तत्त्वावर चालते. तिच्यात सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. वीज खर्च होताना दोन्ही प्रकारच्या प्लेट्सवर लेड सल्फेटचा थर चढतो आणि आम्ल पातळ होतं. चार्जिंग सुरू झालं की क्रिया उलटी फिरते. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर सल्फेटचे बारीक कण मोठ्या, कडक स्फटिकांत बदलतात. पिठीसाखर पाण्यात चटकन विरघळते आणि खडीसाखर रेंगाळते, तसंच हे. मोठे स्फटिक चार्जिंगला दाद देत नाहीत आणि तेवढी क्षमता कायमची जाते.

त्यात उन्हाळा भर घालतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. चाळिशी पार केलेल्या मे महिन्यात उभ्या गाडीची बॅटरी आपोआप लवकर उतरते आणि आतल्या जाळ्याही लवकर गंजतात. हिवाळ्यात याच्या उलट घडतं. क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि सेल्फला जास्त करंट लागतो. मे महिन्यात झालेलं नुकसान डिसेंबरात उघडं पडतं ते असं.

खरं तर गाडी सुरू करण्यात फारशी वीज जात नाही. सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो, पण जेमतेम दोन सेकंद. डिकीतला पाच वॅटचा बल्ब तेवढीच वीज बारा मिनिटांत संपवतो. डिकी नीट न लागल्यामुळे तो पेटता राहिला, तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांच्या आत निम्मी होते.

तपास मल्टिमीटरने करायचा. काही शे रुपयांत तो मिळतो. आधी टर्मिनल पाहावेत. त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल, तर गाडी बंद करून केबल सोडवावी (आधी निगेटिव्ह), गरम पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुवावेत आणि पुन्हा घट्ट आवळावेत. पुष्कळदा दुखणं इथेच संपतं. नाही संपलं, तर रात्रभर उभ्या गाडीचे व्होल्ट मोजावेत. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. पूर्ण भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल, तर ती थकली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंग तपासावं. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम कमी-जास्त केला जातो, एवढं ध्यानात ठेवावं.

हे सगळं ठीक असूनही बॅटरी उतरते का? मग बंद गाडीत कोणीतरी वीज खातंय. निगेटिव्ह केबल काढून, केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर जोडायचा. आता चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. गाडीतले कंट्रोल युनिट झोपी जायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. त्यानंतर आकडा ५० मिलीअँपिअरच्या आसपास किंवा खाली यायला हवा. तो ४०० वर अडकला, तर एकेक फ्यूज काढून बघायचा. ज्या फ्यूजसरशी आकडा धाडकन खाली येतो, त्या सर्किटवर चोर सापडतो. नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम यांची वायर इग्निशनऐवजी थेट बॅटरीवर दिलेली असणं हे नेहमीचं कारण. वायर योग्य जागी जोडली की नवी बॅटरी घ्यावी लागत नाही. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही, तर अल्टरनेटरचा खराब डायोड हा पुढचा संशयित.

फक्त रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीत मात्र काहीच बिघाड नसतो. ५० मिलीअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. दोन आठवड्यांत ३५ ची बॅटरी निम्म्यावर येते आणि दोन किलोमीटरच्या फेरीत ती भरून निघत नाही. अशा गाडीला अधूनमधून नगर-मनमाड रस्त्यासारखा लांबचा पल्ला द्यावा किंवा घरीच चार्जर लावावा. पाणी घालायच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच टाकावं. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेट्सचं नुकसान करतात.

आणि बॅटरी खरोखरच संपली असेल, तर जुनी विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि तिच्यातलं विषारी शिसं भंगारच्या ढिगात जाता कामा नये. नवी बसवतानाच इलेक्ट्रिशियनकडून दोन आकडे मोजून घ्यावेत : चालू इंजिनचे व्होल्ट आणि बंद गाडीचे मिलीअँपिअर. ते बिलाच्या मागे लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी तुलना करता येते.