ग्दान्स्क... एकदम सॉलिड!

बाल्टिक समुद्र, विटांची उंच चर्चेस, नदीकाठची रंगीत घरं... पोलंडमधलं हे बंदर फोटोंसाठी झकास आहेच. पण तिथल्या एका गेटपाशी उभं राहिल्यावर मला आठवला तो आमच्याच ऑफिसातला एक शुक्रवार.

आधी उच्चाराचं बघू. 'ग' आणि 'द' एकदम, मध्ये श्वास न घेता... ग्दान्स्क! वॉर्साच्या तिकीट खिडकीवर मी तीनदा ट्राय केलं. पलीकडच्या बाई तिन्ही वेळा गोड हसल्या. चौथ्यांदा मी मुकाट्यानं मोबाइलवर नाव दाखवलं आणि तिकीट मिळालं.

पोलंडला चाललेय म्हटल्यावर मित्रमंडळींचा पहिला प्रश्न होता, 'का गं, पॅरिस परवडत नाही?' माझी कोल्हापूरची आत्या मात्र पटकन म्हणाली, 'म्हणजे आपल्या वळिवड्याचे पोलंडवाले ना?' बरोबरच होतं तिचं. दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहत होते. म्हणजे आपली ओळख तशी जुनी आहे. आपणच विसरलोय.

आजीपेक्षा तरुण 'जुनं शहर'

वॉर्साहून ट्रेननं साधारण तीन तास. स्टेशनातून चालत निघालात की दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही एखाद्या चित्रातच शिरता. द्वुगी तार्ग, म्हणजे इथला लांबलचक बाजारचौक. दोन्हीकडे अरुंद, उंच, नक्षीदार घरं. एक पिस्ता, एक गुलाबी, एक लिंबू कलरचं. मध्ये हातात त्रिशूळ घेतलेला नेपच्यून, म्हणजे समुद्राचा देव. त्याचं कारंजं १६३३ मध्ये सुरू झालं. पोलंडचं धान्य या बंदरातून हॉलंडला जायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांबरोबर पैसा नि फॅशनही यायची. घरं अॅमस्टरडॅमची आठवण करून देतात ती त्यामुळेच.

मी धडाधड चाळीस फोटो काढले. मग गाइड मुलगी शांतपणे म्हणाली, 'यातली बरीचशी घरं माझ्या आजीपेक्षा लहान आहेत.'

१९४५ च्या मार्चमध्ये या जुन्या शहराचा जवळपास नव्वद टक्के भाग बेचिराख झाला. तोवर हे डान्झिग होतं, बहुसंख्य वस्ती जर्मन. युद्धानंतर जर्मन गेले, त्यांना घालवलं गेलं. पोलंडने गमावलेल्या पूर्वेकडच्या मुलखातून उठून आलेली माणसं इथे राहायला आली. आणि या नव्या माणसांनी काय करावं? जुनी चित्रं, नकाशे, फोटो समोर ठेवून, ढिगाऱ्यातले कोरीव दगड शोधून, शहर पुन्हा उभं केलं. दर्शनी भिंती सतराव्या शतकाच्या. आत मात्र कामगारांसाठी साधे फ्लॅट! आजही नक्षीदार गॅलरीत कुणाचे तरी टॉवेल वाळत असतात.

आधी मला थोडं फसल्यासारखं वाटलं. नंतर वाटलं, जे आपलं नव्हतंच, ते इतक्या मायेनं बांधायला केवढं मन लागत असेल!

मोदकाचा पोलिश मावसभाऊ

चालून दमलात की थेट मिल्क बार गाठा. नावावर जाऊ नका, दूध प्यायला कुणी येत नाही. ही कम्युनिस्ट काळात वाढलेली स्वस्त खानावळ. ट्रे घ्यायचा, रांगेत उभं राहायचं, बोट दाखवायचं. पिएरोगी म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकाचा मावसभाऊच, फक्त आकार करंजीचा आणि पारी मैद्याची. आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असलेले 'पिएरोगी रुस्किए' शाकाहारींना चालतात. फक्त वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालू नका, एवढं ऑर्डर देतानाच सांगायचं.

मग मारियात्स्का गल्ली. जोत्यांवर दोन्हीकडे तृणमणी, म्हणजेच अंबरची दुकानं. चार कोटी वर्षांहून जुना झाडाचा डिंक, गोठून खडा झालेला. घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून आपल्याकडे तो तृणमणी. खरा-खोटा ओळखायची ट्रिक : भरपूर मिठाच्या पाण्यात खरा तरंगतो, काच बुडते. आईसाठी एक पेंडंट घेतलं. मिठाचं पाणी मात्र दुकानदाराकडे मागायचा धीर झाला नाही.

गल्लीच्या टोकाला सेंट मेरीचं अवाढव्य चर्च. जगातल्या सर्वात मोठ्या विटांच्या चर्चेसपैकी एक. टॉवरला चारशेहून जास्त पायऱ्या. वर गेलात की अख्खं शहर, नदी आणि लांबवर शिपयार्डच्या हिरव्या-पिवळ्या क्रेन्स.

खाली मोतवावा नदीच्या काठावर त्या क्रेन्सची खापरपणजी उभी आहे. झुराव, पंधराव्या शतकातली बंदराची लाकडी क्रेन. तीही १९४५ मध्ये जळाली आणि पुन्हा बांधली. आत मोठाली लाकडी चाकं. त्या चाकांत माणसं चालायची आणि त्यांच्या पायांच्या जोरावर जहाजावरचा माल वर चढायचा. थोडक्यात, ट्रेडमिल! आपण त्यासाठी जिमला पैसे भरतो, इतकाच फरक.

पहाटेची तोफ

दुसरं महायुद्ध सुरू झालं ते याच शहराच्या तोंडाशी. १ सप्टेंबर १९३९, पहाटे पावणेपाचच्या सुमाराला श्लेस्विग-होल्स्टाइन या जर्मन युद्धनौकेनं वेस्टरप्लाटेवरच्या पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या. आत दोनशेच्या आसपास सैनिक. ते सात दिवस लढले.

पण मला जास्त हलवलं ते शहरातल्या पोस्टानं. त्याच दिवशी पोलिश पोस्टाच्या इमारतीवर हल्ला झाला आणि पोस्टातल्या कर्मचाऱ्यांनी ती दिवसभर लढवली. शरण आलेल्यांपैकी बहुतेकांना ऑक्टोबरमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. सकाळी डबा घेऊन ऑफिसला यावं आणि संध्याकाळपर्यंत इतिहासात जावं. याच शहरात वाढलेल्या गुंटर ग्रासनं 'द टिन ड्रम' या कादंबरीत हा प्रसंग घेतलाय.

गेट नंबर दोन

तिसऱ्या दिवशी शिपयार्ड. स्टेशनपासून चालत गेलात तरी चालेल. समोर दिसतात ४२ मीटर उंचीचे तीन पोलादी क्रूस. डिसेंबर १९७० च्या आंदोलनात गोळीबारात मारल्या गेलेल्या कामगारांचं हे स्मारक. त्याच्या शेजारी निळं गेट, फुलं आणि गंजलेल्या पोलादाच्या रंगाची प्रचंड इमारत : युरोपियन सॉलिडॅरिटी सेंटर, २०१४ मध्ये उघडलेलं.

लेक वालेसाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. इलेक्ट्रिशियन, मिशीवाला, १९८३ चा नोबेल शांतता पुरस्कार, १९९० मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष. इथल्या एअरपोर्टलाही त्याचंच नाव. पण ही गोष्ट सुरू होते एका बाईपासून. आना वालेन्तिनोविच. आधी वेल्डर, मग क्रेनचालक. व्यवस्थापनाला नको ते प्रश्न विचारणारी. ऑगस्ट १९८० मध्ये, निवृत्तीला फक्त पाच महिने उरलेले असताना तिला कामावरून काढलं.

आणि १४ ऑगस्टला लेनिन शिपयार्ड बंद पडलं. पहिली मागणी : तिला परत घ्या.

खरी गंमत पुढे आहे. दोनच दिवसांत व्यवस्थापन नमलं. आना परत कामावर, वालेसा परत कामावर, वर पगारवाढ. संप मिटला, लोक घरी निघाले. तेव्हा शहरातल्या लहान-लहान ठिकाणचे संपकरी म्हणाले, तुमचं झालं, आमचं काय? ट्राम चालवणारी हेन्रिका क्शिवोनोस, शिपयार्डच्या दवाखान्यातली नर्स आलिना प्येन्कोव्स्का आणि स्वतः आना, या बायका गेटांकडे धावल्या. थांबा, जाऊ नका! बरेच गेले. पण जे थांबले त्यांच्यामुळे संप सगळ्यांचा झाला.

१८ ऑगस्टला गेटवर प्लायवूडच्या दोन फळ्या टांगल्या गेल्या. त्यावर हातानं लिहिलेल्या २१ मागण्या. त्या फळ्या आता सेंटरमध्ये आहेत आणि २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावरही. पहिली मागणी स्वतंत्र युनियनची, दुसरी संपाच्या हक्काची. पुढे पाळणाघरं, बाळंतपणाची पगारी रजा. आणि शेवटची, एकविसावी? शनिवारी सुट्टी! वीकएंड सहज गृहीत धरणाऱ्या माझ्या पिढीनं तिथे दोन मिनिटं उभं राहायला हरकत नाही.

३१ ऑगस्टला सरकारनं सही केली. त्यातून जन्मली सॉलिडॅरिटी. वर्षभरात सुमारे एक कोटी सभासद! डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला, युनियनवर बंदी आली. पण १९८९ च्या निवडणुकीत हीच माणसं जिंकली.

सगळं गोडगोड झालं असं नाही. आना आणि वालेसाचं पुढे बिनसलं ते बिनसलंच. २०१० मध्ये स्मोलेन्स्कच्या विमान अपघातात ती गेली. शिपयार्डचं १९९६ मध्ये दिवाळं निघालं. आज त्याच आवारात कंटेनरमधली खाण्याची ठिकाणं आणि गिग्ज आहेत. लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात जॉब केलेल्या मला हे बघायला फार लांब यायची गरज नव्हती म्हणा.

आणि तो शुक्रवार

सेंटरच्या एका दालनात छतभर कामगारांची पिवळी हेल्मेट्स लावलीत. त्याखाली उभी असताना मला आमच्या ताई आठवल्या. माझ्या आधीच्या नोकरीतल्या. मला कामाचा क ख ग त्यांनीच शिकवला. एका शुक्रवारी दुपारी त्यांना आत बोलावलं आणि टेबल आवरायला अर्धा तास दिला. आम्ही बाराजण होतो. सगळे मॉनिटरकडे बघत बसलो. मी तर हेडफोन लावले. गाणं चालू नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांना 'काळजी घ्या' असा मेसेज टाकला. बस्स. आपलं घरभाडं, आपला ईएमआय. इथल्या लोकांनाही घरं होतीच की. आणि दहा वर्षांपूर्वी याच गेटवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, हेही त्यांना ठाऊक होतं.

प्रदर्शनाच्या शेवटी एक भिंत आहे. लाल-पांढऱ्या कार्डांवर येणारे-जाणारे काहीबाही लिहून ठेवतात. मी एका लाल कार्डावर देवनागरीत त्यांचं नाव लिहिलं आणि लावून टाकलं. त्यानं काय होणार? काही नाही.

म्हणून रात्री हॉटेलवरून फोन लावला. भारतात तेव्हा साडेअकरा वाजले असतील. त्या म्हणाल्या, 'अगं, इतक्या रात्री? सगळं ठीक ना?' सॉरी म्हणायला मला सात मिनिटं लागली. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'तेव्हा एकानं तरी मान वर करायला हवी होती गं.'

पिशव्या भरून तृणमणी आणला असता, तरी ग्दान्स्कहून यापेक्षा जड काही आणता आलं नसतं.

जायचं असेल तर...

* कसं जाल : भारतातून थेट विमान नाही. वॉर्सा किंवा युरोपातल्या दुसऱ्या मोठ्या शहरातून विमान, नाहीतर ट्रेन. शेंगेन व्हिसा लागतो.
* पैसे : युरो नाही, इथे झ्वोटी चालतं.
* कधी : मे ते सप्टेंबर. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये सेंट डॉमिनिकची जत्रा भरते, तेराव्या शतकापासूनची! त्या वेळी हॉटेल लवकर बुक करा.
* किती दिवस : तीन पुरेत. चौथा मिळाला तर लोकलनं सोपोतला जा. तिथला लाकडी धक्का समुद्रात पाचशे मीटरहून जास्त आत जातो. किंवा ट्रेननं मालबोर्कचा विटांचा किल्ला गाठा.
* बॅगेत : वारा अडवणारं जॅकेट हवंच. आणि हिल्स घरी ठेवा, गल्ल्या दगडी आहेत!