पाणी मुरतंय कुठं?

‘तुझं काय बाई, घरबसल्या काम! नो बॉस, नो ट्रॅफिक!’ असं म्हणणाऱ्या तमाम मित्रमंडळींना मी गेल्या फेब्रुवारीत एकदा घरी बोलवायला हवं होतं. पुण्यातल्या आमच्या रो-हाऊसचं तळघर म्हणजे माझं ऑफिस. टेबल, लॅपटॉप, कॉफीचा मग आणि बाबांची पुस्तकांची कपाटं. एकदम सॉलिड सेटअप! त्या सकाळी डेडलाइनच्या तंद्रीत खाली उतरले आणि पायातली स्लीपर ‘चप्’ करून वाजली. पार्किंगच्या बाजूची भिंत गुडघाभर ओली, खाली पाण्याचं थारोळं आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात बाबांच्या जुन्या दिवाळी अंकांचा लगदा.

बाबा काही बोलले नाहीत. एकेक अंक उचलून गच्चीवर वाळत घालत राहिले. ते मात्र बघवेना.

फंडा नंबर एक : रंगवून टाका!

आपल्या पिढीचा स्वभावच असा, प्रॉब्लेम दिसला की आधी सोल्युशन विकत घ्यायचं. मीही घेतलं. ‘टेन्शन नका घेऊ मॅडम’ म्हणत एक जण आला, प्लास्टर खरवडलं, वॉटरप्रूफ कोट मारला आणि अठरा हजार घेऊन गेला. भिंत नव्या नवरीसारखी चकचकीत! तीन आठवड्यांत तोच रंग पुरीसारखा टम्म फुगला.

मग मी आरोपी शोधला. आमच्या पार्किंगला लागूनच शेजारच्या काकूंची बाग आहे. मी अगदी प्रोफेशनल टोनमध्ये जाऊन सांगितलं, ‘काकू, तुमच्या झाडांचं पाणी आमच्या भिंतीत येतंय.’ त्या एवढंच म्हणाल्या, ‘बरं बाई, बंद करते.’ मार्च महिना, मोगऱ्याला कळ्या धरायचे दिवस. काकूंनी पाणी तोडलं, मोगरा मान टाकू लागला. आमची भिंत? जशीच्या तशी ओली.

प्लंबरकाकांची उलटतपासणी

शेवटी आईने आमच्या जुन्या प्लंबरकाकांना बोलावलं. त्यांनी भिंतीला हातही लावला नाही. आधी तळघराचा मेन स्विच बंद करायला लावला (ओल्या भिंतीत वायरिंग असतं, हे मला सुचलंच नव्हतं!) आणि मग प्रश्नांची सरबत्ती.

‘पावसाळ्यात ओल होती?’ नव्हती. म्हणजे पावसाचं पाणी बाद. पुण्यात वरच्या मुरमातून झिरपलेलं पाणी खालच्या काळ्या पाषाणावर अडतं आणि पाऊस संपल्यावरही तळघरांना त्रास देतं. पण ऑगस्टमध्ये कोरडी असलेली भिंत फेब्रुवारीत कशी भिजेल?

‘वास येतो?’ नाही. म्हणजे ड्रेनेजवरचा संशय कमी.

मग त्यांनी पॉलिथिनचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवला. दोन दिवसांनी बघायचं. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. आमचे थेंब मागे होते.

पुढची टेस्ट मीटरची. नळाला पाणी आलेलं असताना घरातले सगळे नळ बंद, टाकीचा बॉलकॉकही वर बांधून बंद. तरी मीटर फिरला तर लाइन फुटलेली. मीटर ढिम्म. म्हणजे लाइन निर्दोष.

‘ओल जास्त कधी असते? सकाळी की संध्याकाळी?’ या प्रश्नावर मी अडखळले. तीन दिवस डायरीत नोंद केली. रोज सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. काका हसले. ‘तुमची पार्किंगखालची टाकी पहाटे भरते ना?’

काठी आणि चार बोटं

सकाळी टाकी काठोकाठ भरू दिली आणि येणारा व्हॉल्व्ह, पंप दोन्ही बंद. झाकणापासून पाणी किती खाली आहे ते काठीने मोजलं. दोन दिवस गच्चीवरच्या टाकीवर काटकसरीने काढले. दुसऱ्या दिवशी पाणी चार बोटं खाली! तिसऱ्या दिवशी मात्र तिथेच थांबलेलं. पाणी जिथे थांबतं, त्याच उंचीला भोक असतं. आणि नेमका तिथेच पाइप टाकीत शिरत होता.

मग आला लाखमोलाचा प्रश्न, ‘ओल सुरू होण्याआधी घरात काय बदललं?’ मी आणि आई एकमेकींकडे बघत राहिलो. संक्रांतीच्या सुमाराला आम्हीच जुना लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा बसवून घेतला होता. भोवतीची फट नुसत्या सिमेंटने बुजवलेली. गुळगुळीत प्लास्टिकला सिमेंट नीट धरत नाही, जोड उकलतो. पाणी मुरत होतं आमच्याच घरात!

शिवाय अशी फट दोन्ही बाजूंनी चालते. टाकीतली पातळी उतरली की बाहेरचं मातकट पाणी पिण्याच्या पाण्यात शिरू शकतं. म्हणून टाकी रिकामी करून धुतली आणि पाइपभोवती न आकसणारं ग्राउट भरून सील केलं. (टाकीत एकट्याने कधीच उतरू नका. झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवा, वर कुणीतरी हवंच. बंद टाकीतली हवा जीवघेणी ठरू शकते.) खर्च अडीच हजार. भिंत आठवड्याभरात सुकायला लागली.

फ्लॅटवाल्यांनो, तुम्हालाही हेच लागू. छत ओलं दिसलं की थेट वरच्या मजल्यावर भांडायला जाऊ नका. ओल पावसात येते की बारमाही? वरच्यांच्या आंघोळीनंतर वाढते का? आधी नोंद करा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. म्हणजे उगम सापडल्याशिवाय बिल कुणाचं तेही ठरत नाही!

माझं बिल मात्र ठरलं होतं. त्या संध्याकाळी काकूंच्या दारात उभी राहिले. ‘काकू, सॉरी. पाणी आमचंच होतं.’

काकूंनी क्षणभर बघितलं आणि पाइप माझ्या हातात दिला. ‘सॉरी नंतर म्हण. आधी मोगऱ्याला पाणी घाल.’