गोठ्यावरील पत्रा आणि वारा

गोठ्यावर पत्रा घालतांना आमचे बहुतेक शेतकरी बंधु दोनच गोष्टींची चौकशी करितात : पत्रा किती जाड आहे व भाव काय आहे. प्रश्न योग्यच आहेत. परंतु तो वाऱ्यानें उडूं नये म्हणून कशानें व कोठें बांधावयाचा, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां कित्येक घरांचे व गोठ्यांचे पत्रे उडून गेले, हें वाचकांस आठवत असेलच.

अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचें वजन दर चौरस मीटरास सुमारें चार किलो भरतें. उलट, ताशी १४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब तेवढ्याच जागेवर सुमारें ९३ किलो होतो. आणि वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. वारा छपरावरून जातांना पत्र्यास खालीं दाबण्याऐवजीं बहुधा वर ओढतो. आढें, वळचण व कोपरे येथें ही ओढ सर्वांत अधिक. त्यांतून गोठ्याची एक बाजू मोकळी असली म्हणजे आंत शिरलेला वारा खालूनही रेटा देतो. यास्तव कडेच्या ओळींत स्क्रू अधिक दाट घालावे. मात्र पत्रा वाशास घट्ट आणि वासा कैचीवर नुसता टेकलेला, अशी स्थिति असेल तर पत्रा वाशासकट जावयाचा. वासा कैचीस, कैची खांबास व खांब पायास पक्का जखडला पाहिजे.

स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारावा, खोलगट भागीं नव्हे, कारण पाणी तेथूनच वाहतें. खालील रबरी चकती चेंबेपर्यंत तो आवळूं नये. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यत्वें पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो; आढें पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेच्या टोकापासून पत्रे घालीत यावें, म्हणजे जोडाच्या फटींत वारा शिरत नाहीं.

आतां जस्ताविषयीं. लोखंडास राखतें तें जस्तच, व तें हळूहळू झिजत असल्यामुळें थर जितका जाड तितकें आयुष्य अधिक. दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरास १२० ग्रॅम जस्ताचा पत्राही मिळतो व २७५ ग्रॅमचाही. खाऱ्या हवेंत पहिला घेणें ही काटकसर नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. हल्लीं ५५ टक्के अल्युमिनियम व बाकी बहुतांशीं जस्त अशा थराचा पत्रा फार खपतो. उघड्या पावसांत तो साध्या जस्ती पत्र्याहून अधिक टिकतो, हें खरें. तथापि शेण-मूत्रांतून उठणारा अमोनिया व दमट हवा त्याच्या आंतल्या अंगास बाधते, आणि गुरें कोंडण्याच्या जागेसाठीं कारखानदार सहसा त्याची हमी देत नाहींत. दुकानांत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. खरेदीपूर्वीं ती लेखी विचारून घ्यावी. पत्रा कोणताही असो, आढ्याशीं हवा निघून जाण्यास वाट ठेवावीच. गुरांसही उन्हाळ्यांत तिचा आराम मिळतो.

पत्रे आणल्यावर काम सुरू होईपर्यंत त्यांची थप्पी अंगणांत आडवी ठेवूं नये. वळवाच्या एका सरीचें पाणी दोन पत्र्यांमध्यें अडकलें कीं पांढरी भुकटी धरते व जस्त तेथेंच खाल्लें जातें. पत्रे आडोशाला, जमिनीपासून उचलून, तिरके ठेवावे; भिजलेच तर त्याच दिवशीं सुटे करून पुसून वाळवावे.