जुन्या पिकअपला क्राऊन बदलावा की गिअरबॉक्स?

बेळगाव परिसरात शेतीबरोबर जुनी पिकअप सांभाळणारी घरे अजून बरीच आहेत. आपल्या सभासदांपैकीही काहींच्या दारात जीपच्या सांगाड्यावरची पिकअप उभी असते. इंजिन ठणठणीत असते, पण हमरस्त्यावर वेग साठाच्या पुढे गेला की ते ओरडायला लागते आणि डिझेलही जास्त पिते. मग कोणीतरी सुचवतो, "मागचा क्राऊन बदला, ॲव्हरेज वाढेल." आम्ही तसे केले आणि पस्तावलो. इतरांवर ती पाळी येऊ नये म्हणून तो हिशेब येथे मांडत आहोत.

आकडा कशाचा?

इंजिनाचे फेरे चाकापर्यंत पोचताना दोनदा कमी होतात. आधी गिअरबॉक्समध्ये, नंतर मागच्या हाउसिंगमधल्या क्राऊन-पिनियनमध्ये. पिनियनला 8 दात आणि क्राऊनला 39 असतील तर 39 भागिले 8, म्हणजे सुमारे 4.88. शाफ्टचे 4.88 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. आकडा मोठा असेल तर गाडी जास्त ओढते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते. आकडा लहान असेल तर याच्या उलट.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला 4.88 चा क्राऊन होता. तिच्याच घराण्यातली सीजे-3बी पुढे महिंद्रने आपल्याकडे बनवली. तिच्या मूळ विलिस गाडीला 43 आणि 8 दातांचा, म्हणजे 5.38 चा क्राऊन असे. या गाड्या कच्च्या रस्त्यासाठी आणि ओढकामासाठी होत्या, वेगासाठी नव्हत्या. 47 आणि 11 दातांचा 4.27, 41 आणि 11 दातांचा 3.73 हे आकडेही या प्रकारच्या हाउसिंगमध्ये आढळतात.

आपल्या गाडीचा आकडा घरीच काढता येतो. सपाट जागी बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मागचे एकच चाक जॅकवर उचला. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक शाफ्टवर लागतो. तो सोडावा लागतो, म्हणून दगड पक्के हवेत. गाडीखाली शिरू नका. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि दुसऱ्याला बाजूने शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. जेवढे फेरे, तोच आकडा.

हिशेब

टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकला आणि अंतर मोजा. समजा ते 2.2 मीटर आहे. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1000 मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे 455 फेरे. चार गिअरच्या बॉक्समध्ये टॉप गिअर 1 आणि पहिला गिअर 4 धरू.

• 4.88 चा क्राऊन: साठच्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे 2220 फेरे. पहिल्या गिअरची एकूण ओढ 19.5 पट.
• 3.73 चा क्राऊन, गिअरबॉक्स तोच: सुमारे 1700 फेरे. ओढ 14.9 पट.
• 4.88 चा क्राऊन आणि पाच गिअरचा बॉक्स, पहिला 4, पाचवा 0.8: सुमारे 1775 फेरे. ओढ 19.5 पट.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात हमरस्त्यावरचा फरक नगण्य आहे. पण दुसऱ्यात प्रत्येक गिअरची ओढ जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी होते.

आम्ही कुठे चुकलो

आमची गाडी भाजी घेऊन जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्यात जाते. आम्ही 3.73 चा क्राऊन बसवला. सपाटीवर गाडी शांत झाली, आम्ही खूश. परत येताना गाडी रिकामी असते, म्हणून घाट चढायची काळजी नाही, असे आम्ही धरले होते. उतरणीचा विचारच केला नव्हता.

भरलेली गाडी घाट उतरते तेव्हा तिला गिअरमधले इंजिन धरून ठेवते. ओढ जितक्या पट, तितक्याच पट ही पकड. एरवी दुसऱ्या गिअरवर निवांत उतरणारी गाडी आता सुटू लागली आणि सारा भार ब्रेकवर आला. केरीच्या अलीकडे जळका वास आला आणि पेडल नरम लागू लागले. पहिला गिअर टाकून कशीबशी गाडी कडेला घेतली. ब्रेक गार होईपर्यंत तासभर बसलो. त्या तासात ॲव्हरेजचा मोह उतरला. पुढे जुना क्राऊन परत बसवला आणि पाच गिअरचा बॉक्स घेतला. पाचवा गिअर फक्त सपाटीला, घाटात नाही, हा घरचा नियम झाला.

निर्णय घेण्याआधी

गाडी फक्त सपाटीवर हलके ओझे नेत असेल तर लहान आकड्याचा क्राऊन चालेल. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलावेत. काही हाउसिंगमध्ये डिफरन्शियलची केसही बदलावी लागते. दातांवर रंग लावून ते कुठे टेकतात हे मेकॅनिकने तपासले पाहिजे, नाहीतर हाउसिंग रडायला लागते. फोर-व्हील गाडीत पुढचा आणि मागचा आकडा सारखाच हवा. क्राऊन बदलला की स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवू शकतो.

गिअरबॉक्स बदलायचा तर बेल हाउसिंग, क्लचप्लेटच्या खाचा आणि खालचे माउंटिंग जुळते का ते आधी पाहा. पाच गिअरचा बॉक्स लांब असेल तर शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्यावा लागतो. ही कामे उद्यमबागेसारख्या भागात होतात, पण त्यांचा खर्च आधी लिहून घ्या. सेकंडहँड बॉक्स असेल तर पहिल्या गिअरचा आकडा विचारा. तो लहान असेल तर सगळा हिशेब फिरतो. पितळी रिंगांच्या गिअरबॉक्सला जीएल-4 आणि हायपॉइड क्राऊनला जीएल-5 प्रतीचे तेल लागते. सरसकट एकच ओतू नये.

शेवटी पैसे. महिन्याला 1500 किलोमीटर आणि ॲव्हरेज 10 वरून 11 झाले, तर डिझेल 150 ऐवजी सुमारे 136 लिटर लागते. वाचलेल्या 14 लिटरची किंमत काढा आणि कामाच्या एकूण खर्चाला तिने भागा. तेवढ्या महिन्यांनी पैसे वसूल होतील. तोवर गाडी टिकणार नसेल तर हात लावू नका. आणि ॲव्हरेज वाढावे म्हणून घाटातली पकड मात्र कधीही देऊन टाकू नका.