लिनक्स लॅपटॉपवरील फाईल-सर्व्हर : दोषशोधनाची क्रमबद्ध पद्धती
(बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

बीड जिल्ह्यात अकरा तालुके असून येथील पारंपरिक अभ्यासक्रमांची महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. 'नॅक' मूल्यांकनाचे तक्ते, अंतर्गत गुण, विभागीय बैठकांची इतिवृत्ते असे दस्तऐवज एकाच वेळी अनेक प्राध्यापकांना हाताळावे लागतात. हे दस्तऐवज पेनड्राइव्हवरून या टेबलावरून त्या टेबलावर फिरू लागले की एकाच तक्त्याच्या चार प्रती तयार होतात आणि त्यांतील अंतिम कोणती, हा प्रश्न नेमका सादरीकरणाच्या दिवशी उभा राहतो.

यावर एक अल्पखर्चिक उपाय उपलब्ध आहे. दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य संपुष्टात आले. विंडोज ११ साठी आवश्यक असलेली टीपीएम २.० सुविधा व विशिष्ट प्रोसेसर नसलेले लॅपटॉप त्यामुळे अडगळीत जाण्याची शक्यता आहे. अशा लॅपटॉपवर लिनक्स बसवून त्याचा विभागाचा फाईल-सर्व्हर म्हणून उपयोग करता येतो. त्यास इंटरनेटची गरज नसते व वीज खंडित झाल्यास लॅपटॉपची बॅटरी काही काळ साथ देते. तथापि, मांडणी पूर्ण झाल्यावरही 'सर्व्हर दिसत नाही', 'पासवर्ड स्वीकारत नाही', 'फाईल उघडते पण जतन होत नाही' अशा तक्रारी येतात. त्यांचे कारण क्रमाने कसे शोधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

साम्बा : अल्प परिचय

विंडोज संगणक परस्परांशी फाईल वाटून घेण्यासाठी 'एसएमबी' नावाचा संकेत वापरतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास या संकेतानुसार युनिक्स संगणकास बोलते करणाऱ्या प्रणालीचा पाया घातला. तीच पुढे 'साम्बा' या नावाने प्रसिद्ध झाली. नावातील स, म, ब ही व्यंजने 'एसएमबी'चीच आहेत. ही प्रणाली मुक्त व विनामूल्य असून तिची सर्व मांडणी 'एसएमबी डॉट कॉन्फ' या एकाच मजकूर-फाईलमध्ये लिहिलेली असते.

दोषशोधनाचे मूलतत्त्व :

प्राध्यापकाच्या संगणकावरून निघालेली विनंती फाईलपर्यंत पोहोचण्यापूर्वी पाच दारे ओलांडते : नेटवर्क, फायरवॉल, साम्बा सेवा, वापरकर्त्याची ओळख आणि फाईलची परवानगी. तक्रारीच्या शब्दांवरूनच अडथळा कोणत्या दारापाशी आहे, याचा अंदाज येतो. सर्व्हर मुळीच सापडत नसेल तर पहिली तीन दारे तपासावीत. पासवर्ड पुनःपुन्हा विचारला जात असेल तर चौथे, आणि प्रवेश मिळूनही काम होत नसेल तर पाचवे.

सर्वांत उपयुक्त चाचणी म्हणजे सर्व्हर-लॅपटॉपवरूनच 'एसएमबीक्लायंट' या आज्ञेने स्वतःच्याच सामायिक फोल्डरशी जोडणी करून पाहणे. ती यशस्वी झाली आणि इतर संगणकांवरून मात्र जोडणी होत नसेल, तर दोष नेटवर्क वा फायरवॉलमध्ये शोधावा. ती तेथेच अयशस्वी झाली तर प्रथम सेवा, ओळख वा परवानगी यांकडे वळावे. या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

अ) नेटवर्क :

लॅपटॉपचे झाकण बंद केले की बहुतेक लिनक्स प्रणाली त्यास निद्रावस्थेत नेतात. सायंकाळपर्यंत चालणारा सर्व्हर सकाळी 'नाहीसा' होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. 'लॉगिनडी' सेवेच्या मांडणीत झाकणाच्या कळीस 'इग्नोर' हे मूल्य दिल्यास ही अडचण दूर होते. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहिला तरी राउटर व स्विच बंद पडतात, हेही ध्यानात घ्यावे. त्यांना इन्व्हर्टरचा आधार नसेल तर लॅपटॉपच्या बॅटरीचा उपयोग केवळ माहिती सुरक्षित राहण्यापुरता होतो.

राउटर प्रत्येक संगणकास अंकी पत्ता देतो आणि तो बदलू शकतो. म्हणून सर्व्हरसाठी एक पत्ता राउटरमध्येच राखून ठेवावा. त्यानंतर सर्व्हर नावाऐवजी या अंकी पत्त्याने उघडून पाहावा. पत्त्याने उघडतो पण नावाने नाही, असे असल्यास सर्व्हर निर्दोष असून दोष नाव-शोधात आहे. विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत सर्व्हर न दिसणे हाही स्वतंत्रपणे दोष ठरत नाही. अलीकडील विंडोज ज्या पद्धतीने शेजारचे संगणक शोधते, तिला उत्तर देण्यासाठी साम्बाबरोबर 'डब्ल्यूएसडीडी' हा वेगळा प्रोग्राम बसवावा लागतो. काही वाय-फाय राउटर पाहुण्यांच्या जाळ्यातील संगणकांना परस्परांशी बोलू देत नाहीत, हीही शक्यता तपासावी.

ब) फायरवॉल :

साम्बास टीसीपी पोर्ट ४४५ खुले असावे लागते. फेडोरामध्ये फायरवॉल आरंभापासून चालू असते, तर उबुंटूमध्ये ती सामान्यतः बंद असते. त्यामुळे एकीकडे यशस्वी झालेली कृती दुसरीकडे अपुरी पडते. संपूर्ण फायरवॉल बंद करणे हा उपाय नव्हे. केवळ महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यापुरते साम्बास द्वार द्यावे आणि राउटरमधून हे पोर्ट इंटरनेटकडे कदापि खुले करू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला 'वॉनाक्राय' विषाणू विंडोजमधील एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या हाताळणीतील त्रुटीचाच फायदा घेत होता.

क) साम्बा सेवा :

मांडणीच्या फाईलमधील एखाद्या शब्दाची चूक संपूर्ण भाग निष्प्रभ करू शकते. 'टेस्टपार्म' ही आज्ञा अशा चुका दाखविते, म्हणून प्रत्येक बदलानंतर ती चालवावी. सेवा आता चालू आहे की नाही आणि लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर ती आपोआप चालू होईल की नाही, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. दोहोंची खात्री करावी.

प्रयोगशाळेत विंडोज एक्सपीचे जुने संगणक असल्यास वेगळीच अडचण येते. एक्सपीला एसएमबीची पहिली आवृत्तीच समजते आणि २०१९ मधील साम्बा ४.११ पासून ती मुळातच बंद ठेवलेली आहे. एका जुन्या संगणकासाठी सर्व विभागाची सुरक्षितता कमी करण्यापेक्षा त्या संगणकास या जाळ्याबाहेर ठेवणे श्रेयस्कर.

ड) वापरकर्त्याची ओळख :

लिनक्सचा पासवर्ड व साम्बाचा पासवर्ड भिन्न असतात. लिनक्सवर खाते उघडले तरी 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या आज्ञेने त्याची साम्बामध्ये नोंद करावी लागते. ही पायरी अनेकदा राहून जाते. दुसरे कारण विंडोजच्या बाजूचे असते. विंडोज पूर्वीचा पासवर्ड स्मरणात ठेवते व तोच पाठवत राहते. 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधून जुनी नोंद काढल्यास हा प्रश्न सुटतो. एकाच विंडोज खात्यातून एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन भिन्न नावांनी जोडणीही करता येत नाही.

पासवर्डविना 'पाहुणा' प्रवेश देणे सोपे वाटते. परंतु विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारातही असा प्रवेश मुळातच नाकारला जातो. प्रत्येक प्राध्यापकास स्वतंत्र खाते देणे हाच टिकाऊ मार्ग होय.

इ) फाईलची परवानगी :

येथे दोन द्वारपाल असतात. साम्बाने लेखनास अनुमती दिली तरी लिनक्सने नाकारल्यास लेखन होत नाही. दोहोंपैकी जो कठोर, त्याचेच चालते. शिवाय फोल्डरपर्यंतच्या मार्गातील प्रत्येक पायरीवर प्रवेशाची मुभा असावी लागते. उबुंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचे गृह-फोल्डर इतरांस बंद असते, म्हणून सामायिक फोल्डर तेथे न ठेवता 'एसआरव्ही' या सार्वजनिक सेवांसाठीच्या फोल्डरमध्ये ठेवावे. फेडोरामध्ये 'एसई-लिनक्स' ही आणखी एक सुरक्षा असते. तीत त्या फोल्डरला साम्बासाठीचे लेबल न दिल्यास बाकी सर्व बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही.

एका प्राध्यापकाने तयार केलेली फाईल दुसऱ्यास बदलता येत नाही, ही तक्रार याच दाराशी संबंधित आहे. त्यासाठी विभागाचा एक गट तयार करून फोल्डर त्या गटाच्या मालकीचे करावे आणि नव्या फाईलींना गटाची मालकी व गटासाठी लेखनाची परवानगी आपोआप मिळेल, अशी मांडणी करावी. याऐवजी '७७७' ही सर्वांना सर्वाधिकार देणारी परवानगी देण्याकडे कल दिसतो. तिने काम सुरू होते, परंतु मूळ दोष कोठे होता ते कळत नाही आणि अंतर्गत गुणांची यादी कोणासही बदलता येईल अशी स्थिती निर्माण होते. विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, बँक खात्यांचे क्रमांक व गुण ही त्यांची वैयक्तिक माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाल्यानंतर तिची काळजी ही नैतिक बाबीबरोबरच कायद्याचीही बाब झाली आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, फाईल-सर्व्हरमधील बहुतेक दोष साधे असतात. ते अवघड वाटतात, कारण पाच ठिकाणांचे बदल एकाच वेळी केले जातात आणि नेमका कोणता उपयोगी पडला हे समजत नाही. एका वेळी एकच बदल करावा, लगेच चाचणी घ्यावी आणि बदल निरुपयोगी ठरल्यास तो मागे घ्यावा, ही प्रयोगशाळेतील शिस्त येथेही लागू पडते. सामायिक फोल्डर म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. आठवड्यातून एकदा सर्व माहितीची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती अन्यत्र ठेवणे आवश्यक आहे.

शेवटी, सर्व्हरचा अंकी पत्ता, खात्यांची नावे, केलेले बदल व त्यांच्या तारखा यांची नोंदवही विभागात ठेवावी. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नयेत. सर्व्हर मांडणारे प्राध्यापक बदलून गेले वा सेवानिवृत्त झाले, तरी त्यांच्यामागे ही वही असल्यास पुढील व्यक्तीस आरंभापासून सुरुवात करावी लागणार नाही.